विद्यापीठातले प्राध्यापक कशाचा शोध घेतात?



खेड्यात एखादा परका माणूस आला, खांद्याला पिशवी आणि हातात वही घेऊन घरोघर प्रश्न विचारीत फिरू लागला, की पारावर पहिली शंका निघते, "हा कुठल्या खात्याचा?" कोणी म्हणतो मोजणीवाला असेल, कोणी म्हणतो वसुलीवाला, कोणी म्हणतो मतदारयादीचं काम असेल. "मी विद्यापीठातून आलोय, संशोधन करतो," असे त्याने सांगितले तरी शंका फिटत नाही, उलट वाढते. मास्तर म्हणजे शिकवणारा, हे आपल्याला ठाऊक आहे. प्राध्यापक म्हणजे मोठ्या मुलांना शिकवणारा, हेही ठाऊक आहे. पण शिकवणारा माणूस वर्ग सोडून आमच्या बांधावर काय करतो? हाच प्रश्न आज आपण घेऊ. विद्यापीठातले प्राध्यापक काय शिकलेले असतात, ते कशाचा शोध घेतात, आणि त्यांच्या शोधाचा आपल्या गावाशी काय संबंध येतो, एवढे तीन मुद्दे मी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आरंभी स्वतःविषयी सांगतो. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या नावापुढे एम.ए. एवढेच आहे. तेव्हा थोरांच्या घरची हकीकत शेजारच्याने सांगावी, तसे हे माझे बोलणे समजा.

प्राध्यापकाची कामे दोन. एक शिकवण्याचे, दुसरे शोधण्याचे. शाळेत आपण जे ठाऊक आहे ते शिकवतो. विद्यापीठाकडून अपेक्षा अशी असते, की जे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही ते शोधून काढावे, आणि मग ते शिकवावे. म्हणून विद्यापीठाच्या माहितीपत्रकात प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे दोन गोष्टी छापलेल्या असतात. पहिली, त्यांचे शिक्षण. दुसरी, त्यांच्या संशोधनाचे विषय. आपण पहिली ओळ वाचतो आणि थांबतो. खरी ओळख असते ती दुसऱ्या ओळीत.

शिक्षणाच्या ओळीतली अक्षरे एकदा समजून घेऊ. बी.ए. किंवा बी.एस्सी. म्हणजे एखाद्या विषयाची ओळख. एम.ए. किंवा एम.एस्सी. म्हणजे त्या विषयात इतरांनी काय काय करून ठेवले आहे त्याचा जाणता होणे. या दोन्ही वाटा मळलेल्या असतात. तिसरी पदवी पीएच.डी., आपण जिला डॉक्टर होणे म्हणतो. तिच्यात नुसते वाचून भागत नाही. एखादा प्रश्न घ्यायचा, जो पूर्वी कोणी सोडवलेला नाही, त्यावर काही वर्षे खपायचे, आणि जे निघेल ते पुराव्यानिशी मांडायचे. त्या लेखनाला प्रबंध म्हणतात. बाहेरचे परीक्षक तो तपासतात, समोर बसवून प्रश्न विचारतात, मग पदवी मिळते. रानातून नवी पायवाट पाडावी, तसे ते काम आहे. पूर्वी या दोहोंच्या मध्ये एम.फिल. नावाची पदवी असे. २०२२ च्या नियमांनी ती बंद झाली. नोकरीला लागताना माणूस साहाय्यक प्राध्यापक असतो. पुढे सहयोगी प्राध्यापक आणि नंतर प्राध्यापक, अशा पायऱ्या असतात.

आता पुष्कळांची समजूत अशी असते, की ज्याने जे शिकले तेच तो आयुष्यभर करतो. तसे नेहमी घडत नाही. उदाहरणे बाहेरून आणायला नकोत, आपल्याच भागात आहेत.

गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे. जन्म १८९३ चा. त्यांनी एम.ए. केले ते संस्कृत घेऊन. पुढे मुंबई विद्यापीठाकडून ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला मानववंशशास्त्र शिकले, आणि परत येऊन १९२४ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला. संस्कृतचा विद्यार्थी जातिव्यवस्थेचा अभ्यासक कसा झाला? धर्मग्रंथांत जातीविषयी काय लिहिले आहे हे त्यांना मूळ भाषेत वाचता येत होते. प्रत्यक्षात माणसे कशी वागतात हे तपासायची रीत ते केंब्रिजला शिकून आले. दोन्ही जमेस धरून त्यांनी १९३२ साली जातीवरचा आपला ग्रंथ लिहिला. जुने शिक्षण वाया गेले नाही, त्याला नवा प्रश्न मिळाला.

घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीवरून त्यांचे नाव ठेवलेले. पुण्याला तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या, मुंबईला घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्राचे एम.ए. केले, आणि मग जर्मनीत बर्लिनला जाऊन पीएच.डी. केली. तिचा विषय काय, तर माणसाची कवटी! कवटीची डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक वंशावंशांत वेगळा असतो, गोऱ्या लोकांची कवटी त्या बाबतीत निराळी, असे त्यांच्या जर्मन मार्गदर्शकांचे मत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मापांतून तसे काही निघाले नाही. परका देश, तरुण वय, आणि पदवी ज्यांच्या हाती तेच गुरू विरुद्ध मताचे. तरीही बाईंनी जे मोजले तेच लिहिले. मला विचाराल तर त्यांच्या पदवीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. शिक्षकमंडळींनी ती वर्गात जरूर सांगावी.

पुढे १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांच्या संशोधनाचे विषय पाहिले तर ते आपल्या ओसरीवरचेच आहेत. मामाची मुलगी करतात, आत्याची का करीत नाहीत? उत्तरेकडे तर मामे-आते भावंडांतले लग्न चालतच नाही, आणि दक्षिणेकडे मामाने भाचीशी लग्न करण्याचीही चाल आहे. मग महाराष्ट्र कुठे बसतो? बाईंनी देशभरातली नात्यांची नावे आणि लग्नाचे नियम गोळा करून १९५३ साली ग्रंथ लिहिला, आणि महाराष्ट्र हा उत्तर-दक्षिणेच्या मधला सांधा आहे, असे त्यातून दिसून आले. पंढरीच्या वारीबरोबर त्या स्वतः चालल्या आणि त्यावर लिहिले. कोयनेच्या धरणाने उठवलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरणाच्या भिंतीची उंची इंजिनियर सांगतो. पण उठून गेलेल्या घराची चूल दुसरीकडे पेटली की नाही, हेही कोणीतरी विचारायला हवे ना?

तिसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. जन्म १९०७, गोव्यातला. शिक्षण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात, विषय गणित. १९२९ साली ते तिथून पदवीधर झाले. पीएच.डी. त्यांनी केलीच नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. हा गणिताचा माणूस जुनी नाणी तोलू लागला.

नाणी कशाला तोलायची? पहा, नांगराचा फाळ वापराने झिजतो. नवा फाळ आणि चार हंगाम चाललेला फाळ तोलून पाहिला तर फरक कळतो. नाण्याचे तसेच. हजारो हातांतून गेलेले चांदीचे नाणे गुंजभर का होईना, हलके होते. आपल्याकडच्या फार जुन्या चांदीच्या नाण्यांवर सन नाही, राजाचे नाव नाही, नुसत्या खुणा ठोकलेल्या आहेत. त्यांना आहत नाणी म्हणतात. मागच्या बाजूला बारीक ठसे दिसतात. कोसंबींनी हजारो नाणी तोलली आणि मांडून दाखवले, की मागच्या बाजूला ठसे जितके जास्त तितके वजन कमी, म्हणजे ते नाणे तितके जास्त दिवस व्यवहारात फिरलेले. एका नाण्यावरून काहीच ठरत नाही, पण ढिगाच्या सरासरीवरून कुठले आधीचे, कुठले नंतरचे, हे उमगू लागते. गणित इतिहासाच्या असे उपयोगी पडले. हेच कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडत, दगडाची बारीक हत्यारे वेचत, म्हसोबा-वेताळाची ठाणी कुठे आहेत ते पाहत आणि गुराख्यांशी बोलत. पदव्यांची यादी पाहून या माणसाला कोणी इतिहासकार म्हटले नसते.

चौथे नाव धनंजयराव गाडगीळांचे. जन्म १९०१. केंब्रिजला शिकत असताना त्यांनी भारतातल्या उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिला, तो १९२४ साली ग्रंथरूपाने आला. १९३० साली पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी काय केले? शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च मांडला. वाई तालुक्यातली शेती परवडते की नाही, याची पाहणी १९४० साली छापली गेली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने त्या भागाचे नेमके किती कल्याण झाले, याची पाहणी १९४८ साली निघाली. त्याच प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभारला. १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. या कारखान्याच्या अध्यक्षपदी बसले ते हेच प्राध्यापक गाडगीळ. ज्या माणसाने कालव्याचा हिशेब केला, त्याच्यावर शेतकऱ्यांनी आपल्या भांडवलाचा विश्वास टाकला. संशोधन कपाटात राहते, असे म्हणणाऱ्यांनी लोणीकडे पाहावे.

आतापर्यंत एकेकट्या माणसाविषयी बोललो. पण काही प्रश्न असे असतात, की ते एकाच्या विद्येने सुटत नाहीत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीवर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ साली उत्खनन सुरू केले, ते १९८३ पर्यंत अनेक हंगाम चालले. या कामामागे हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर अशी मोठी माणसे होती. सांकलियांचा एम.ए.चा प्रबंध नालंदा विद्यापीठावर, पीएच.डी. लंडनची, आणि आयुष्याचे काम मात्र नेवासे, इनामगाव अशा ठिकाणच्या मातीतले.

इनामगावला सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव सापडले. कुडाची घरे, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा. मग एकेक प्रश्न उभा राहिला. हे लोक खात काय होते? जळून कोळसा झालेले दाणे मातीत मिळाले, ते ओळखायला वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस लागला. त्याने सांगितले, मुख्य पीक सातूचे. हाडे कोणत्या जनावराची? त्याला प्राणिशास्त्र लागले. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसांचे सांगाडे मिळाले. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेले होते. ते अभ्यासायला शरीररचनेचा जाणकार लागला. आणि गावाजवळ एक दगडमातीचा बांध आणि पाण्याचा पाट मिळाला. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी पूर वळवून शेताला पाणी दिले होते! पुढे पाऊसमान बिघडले, शेती कमी होत गेली, शिकार आणि गुरे यांवर भर आला, आणि अखेर सुमारे २७०० वर्षांपूर्वी ते गाव ओस पडले. पाणी हटले की गाव उठते, ही कथा दुष्काळी भागातल्या माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. म्हणून विभागातल्या प्राध्यापकांची यादी वाचताना "पुरातत्त्व विभागात हा वनस्पतिशास्त्राचा माणूस कशाला?" असे वाटले, तर इनामगावचे जळके दाणे आठवावेत.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. सांगताना आजही जीव खट्टू होतो. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. आमच्या चुलत्यांनी मळ्यात विहीर खणायला काढली. तीन-चार हातांवर एक गाडगे लागले, आत शिशाचे काळपट तुकडे. सोने नाही म्हणून सगळे हिरमुसले. एका तुकड्यावर सोंड उचललेला हत्ती होता, तो मी दिवसभर खिशात ठेवला. संध्याकाळी चुलते म्हणाले, "पोरा, आण तो इकडं." नदीवरच्या भोई मंडळींना जाळ्याच्या गोळ्यांसाठी शिसे हवे होते. सगळे वितळवले, गोळ्या ओतल्या, चुलत्यांना दोन दिवसांचे मासे मिळाले. पुढे एम.ए.च्या वर्गात सरांनी सातवाहन राजांच्या शिशाच्या नाण्यांची चित्रे दाखवली, आणि माझा हत्ती माझ्यापुढे उभा राहिला! चुलत्यांना दोष देत नाही. शिशात वाचण्यासारखे काही असते, आणि ते वाचणारी माणसे विद्यापीठात बसलेली असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

याउलट दायमाबाद पहा. नगर जिल्ह्यातले हे ठिकाण. १९७४ साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणून काढताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळे मिळून वजन साठ किलोंच्या वर! त्या वितळल्या नाहीत, अभ्यासकांपर्यंत पोचल्या, आणि जगभर त्यांचे नाव झाले. पण त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत वाद राहिला. बरेच जण त्यांना सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातले मानतात, काहींना धातूच्या घडणीवरून ते पटत नाही. वादाचे एक कारण असे, की त्या वस्तू रीतसर उत्खननात, मातीच्या कोणत्या थरात आहेत ते नोंदवून काढलेल्या नाहीत. पुरातत्त्वात वस्तूइतकीच तिची जागा बोलते. वस्तू उचलली की जागा मुकी होते.

म्हणून हात जोडून सांगणे आहे. विहीर खणताना, बांध घालताना, घराचा पाया काढताना असे काही लागले, तर तिथेच थांबा. घासू नका, धुऊ नका, वितळवू नका. तलाठ्याला, शाळेतल्या गुरुजींना सांगा. १८७८ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. आणि गुरुजी, तुम्ही जवळच्या विद्यापीठाच्या विभागाला एक पत्र टाका. कोणाला टाकायचे? तिथेच ती दुसरी ओळ कामाला येते. नाव आणि हुद्दा बघू नका. 'संशोधनाचे विषय' बघा, आणि ज्याच्या ओळीत नाणी आहेत त्याला नाण्याचे लिहा, ज्याच्या ओळीत जुने लेख आहेत त्याला शिलालेखाचे. फोटो पाठवा, जागा नीट लिहा. विद्यार्थी पुढे पीएच.डी. करणार असेल, तर त्यालाही हेच सांगा. मार्गदर्शक निवडताना त्यांचा हुद्दा पाहण्याआधी त्यांनी कोणते प्रश्न घेतले आहेत ते पाहा. आज अनेक विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा' या संगणकावरच्या भांडारात फुकट वाचायला मिळतात.

आणि आता पारावरच्या त्या पिशवीवाल्या माणसाकडे परत येऊ. तो खरेच संशोधक असेल तर त्याला हाकलू नका, पण भाबडेपणाने सगळे सांगूनही टाकू नका. चार गोष्टी विचारा. पहिली, तुमच्या संस्थेचे पत्र आहे का? दुसरी, तुमचा प्रश्न काय? खऱ्या अभ्यासकाला आपला प्रश्न साध्या बोलीत सांगता येतो. तिसरी, आम्ही सांगू त्यातली नावे तुम्ही उघड करणार का? आणि चौथी, जी बहुधा कोणी विचारत नाही, काय निघाले ते आम्हांला मराठीत येऊन सांगणार का? तो हक्क तुमचा आहे. इरावतीबाईंना नात्यांची नावे बायाबापड्यांनी सांगितली, गाडगीळांना जमाखर्च शेतकऱ्यांनी दिला, कोसंबींना ठाणी गुराख्यांनी दाखवली. त्यांच्या ग्रंथांत या माणसांचाही वाटा आहे.

आमच्या त्या विहिरीला आजही चांगले पाणी आहे. मळ्यात गेलो की मी काठावर थोडा वेळ बसतो. तुमच्या मळ्यातल्या हत्तीच्या तरी गोळ्या होऊ नयेत, एवढ्यासाठी आज हे बोललो.